सहासष्ट की नव्व्याण्णव? गिरगावातल्या एका बंद मशीनचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच टेबलावरचं आहे. गिऱ्हाइकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बिघाड, आकडे आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

माझं दुरुस्तीचं दुकान लॅमिंग्टन रोडला, एका पोटमाळ्यावर आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा माणूस टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगतो. गिऱ्हाइकं बहुतेक आसपासची: गिरगाव, ताडदेव, खेतवाडी. बरीचशी पिढीजात ओळखीची.

हे काका त्यातलेच. गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याचं काम चालतं. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे, मग कॉम्प्युटर आला आणि ते त्याच्यावर बसले. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका आणि वर्षातून एकदा दोन दिवाळी अंक. हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन आणि पानांची मांडणी त्यांची सून बघते, टायपिंग अजून काकाच करतात.

मशीन त्यांच्या कामाच्या मानाने फारच तगडं होतं. त्यांचा भाचा अंधेरीला व्हिडिओ एडिटिंग करतो. त्याने नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं मामाकडे आलं. त्यामुळे लग्नपत्रिकेच्या कामाला ३२ जीबी रॅम आणि भारीतला मदरबोर्ड. बोर्डाच्या कोपऱ्यात दोन लाल आकड्यांची छोटीशी खिडकी होती. स्वस्तातल्या बोर्डांवर ही नसते. तिथे फार तर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा चार नावांचे चार दिवे असतात, नाहीतर काहीच नसतं.

कीबोर्ड तेवढा काकांचा स्वतःचा. वीसेक वर्षांचा, गोल जांभळ्या पिनेचा, म्हणजे पीएस-टूवाला. रेमिंग्टन लेआउटची, म्हणजे जुन्या टाइपरायटरवरच्या अक्षरमांडणीची सवय बोटांत इतकी मुरलेली की किल्ल्यांवरची अक्षरं पुसून गेली तरी त्यांचं काही अडत नव्हतं. भाच्याच्या बोर्डाला गोल भोक होतं म्हणून तो कीबोर्ड टिकला. या कीबोर्डाचा उल्लेख मी आत्ता केला, पण पहिले दोन दिवस तो माझ्या डोक्यातही आला नव्हता.

अडचण

खंडेनवमीला काकांच्या खोलीत दरवर्षी यंत्रांची पूजा होते. त्यासाठी टेबलं सरकवून मागची जळमटं काढली, कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी बटन दाबलं तर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळा.

दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं शिल्लक होती. छापखान्याने शनिवार दिला होता.

सूनबाईंचा फोन आला. ‘दादा, मशीन चालू होतंय पण डिस्प्ले येत नाहीये.’ आमच्या धंद्यात निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. मी सवयीने विचारलं, बीप वाजतोय का? नाही. तो वाजणारही नव्हता, कारण बोर्डावर बझरच बसवलेला नव्हता. चहाच्या पैशांत मिळणारा तो काळा ठोकळा हल्ली कुणी असेंबल करताना लावत नाही. पूर्वी त्याच्यावरच सगळी भिस्त असायची. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच साठवलेला प्रोग्रॅम. एएमआय कंपनीच्या जुन्या बायोसवर तीन बीप म्हणजे रॅमचं दुखणं, अवॉर्डवर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, त्यामुळे बायोस कोणाचा हे माहीत नसताना बीप मोजण्यात अर्थ नसायचा.

‘बोर्डावर दोन लाल आकडे दिसतायत,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, फोटो पाठवा.’

फोटो आला. कॅबिनेट टेबलाखाली, झाकण उघडलेलं, आत अंधार. त्यांनी हात आत घालून अगदी जवळून काढलेला. काळ्या चौकटीत दोन लाल आकडे आणि बाकी काहीच नाही. सहासष्ट.

मागून काकांचा आवाज ऐकू येत होता, ‘पूजेचं पाणी गेलेलं नाही म्हणावं, नुसत्या अक्षता टाकल्या होत्या.’

आकडा काय सांगतो

थोडं थांबून हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

बटन दाबल्यावर विंडोज सुरू होण्याआधी बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे बायोसच, स्वतःची झाडाझडती घेतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत आहे. १९८४ च्या आयबीएम एटीपासून फर्मवेअर प्रत्येक टप्प्यावर एक छोटा आकडा एका ठरावीक पत्त्यावर लिहू लागलं. तो पत्ता म्हणजे पोर्ट ८०, षोडशमान म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीतला. पडदा अजून जिवंत झालेला नसतो, तेव्हा सांगायचं काय झालं ते सांगायला ही एवढीच वाट. तो आकडा वाचायला आम्ही स्लॉटमध्ये डिबग कार्ड घालायचो. भारी बोर्डांवर तेच कार्ड आता खिडकीच्या रूपात कायमचं बसवलेलं असतं.

आकडे षोडशमान असल्यामुळे त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. सध्याच्या बऱ्याच बोर्डांवर एएमआयचं फर्मवेअर असतं आणि त्याचे आकडे साधारण टप्प्यांच्या क्रमाने चढत जातात. सुरुवातीला प्रोसेसर आणि चिपसेटची जुळवाजुळव, मग रॅम. ५५ वर अडकलं तर रॅम दिसलेलीच नाही. ६० पासून पुढचा मोठा टप्पा, त्यात ६३ ते ६७ हे आकडे सीपीयूच्या मांडणीचे. ९० च्या घरात बाहेरच्या जगाशी ओळख: ९२ ला पीसीआय बस, ९७ ला पडद्याची जोडणी, ९८ ला कीबोर्ड-माउसची, ९९ ला सुपर आयओ चिप, ९ए पासून यूएसबी. ए-च्या घरात डिस्क. शेवटी विंडोजने ताबा घेतला की या बोर्डावर एए दिसायचं.

आता मुख्य गोष्ट. खिडकीतला आकडा हे दोषाचं नाव नसतं. एखादं काम हाती घेताना फर्मवेअर त्याचा आकडा लिहितं आणि मग कामाला लागतं. मशीन अडकलं की शेवटचा आकडा तसाच राहतो. लोकल कुर्ल्याहून सुटल्याची घोषणा झाली आणि शीवला आलीच नाही, तर इंडिकेटरवर कुर्ल्याचं नाव असतं. म्हणून कोणी कुर्ला स्टेशन दुरुस्त करायला घेत नाही. मधला रूळ, सिग्नल, पुढच्या गाडीचा खोळंबा, काहीही असू शकतं.

हे मला माहीत होतं. दुकानातल्या पोऱ्याला मी हेच उदाहरण देतो. तरीही मंगळवारी ‘सहासष्ट, म्हणजे सीपीयू’ असं म्हणून मी मोकळा झालो.

पहिल्या दिवशी समोर असलेले पर्याय

फोनवरच्या फोनवर सांगता येण्यासारखं एकच होतं: वीज बंद करून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढायची, पाच मिनिटांनी परत बसवायची, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. वहिनींनी ते व्यवस्थित केलं. फरक पडला नाही. त्यांनी पुन्हा तसाच फोटो पाठवला, पुन्हा सहासष्ट.

काम दुसऱ्या मशीनवर हलवायचं म्हटलं तर ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. अंकाचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता आणि त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. दुसऱ्या मशीनवर ते बसवायचं तर जुनी सीडी शोधा, ती वाचणारा ड्राइव्ह शोधा, मग विंडोजच्या नव्या आवृत्तीशी भांडा. सूनबाई म्हणाल्या, एक दिवस जाईल. मी म्हटलं, दोन.

तिसरा पर्याय, मशीन दुकानात आणून तपासायचं. आणि चौथा माझ्या डोक्यात शिजत होता: शेजारच्या गल्लीत जुन्या प्रोसेसरचा व्यापारी आहे, त्याच्याकडे याच सॉकेटचा प्रोसेसर साडेचार हजाराला होता. पाचशे रुपये देऊन मी तो अडवून ठेवला.

मंगळवारी केलेली एकच गोष्ट आजही बरोबर वाटते. संध्याकाळी पोऱ्याला पाठवलं आणि मशीन उचलायच्या आधी एसएसडी काढून तिची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. काकांच्या जिवात जीव आला. मग कॅबिनेट टॅक्सीत घालून दुकानात. फक्त कॅबिनेट. कीबोर्ड, माउस, मॉनिटर, डोंगल सगळं गिरगावातच राहिलं. गिऱ्हाईक असंच आणतं आणि आम्हीही असंच मागतो. ‘वायरी नकोत, नुसता डबा आणा.’

दुकानात

बुधवारी सकाळी आधी नेहमीची उजळणी केली. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांना रबर मारला, स्पिरिटने पुसलं. ऑक्टोबर असला तरी मुंबईची हवा ती मुंबईचीच, पावसाळाभर खारट ओल खाल्लेल्या दातांवर मळ चढतोच. मग प्रोसेसरचा कूलर काढला. खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. सॉकेट भिंगाखाली पाहिलं, पिना सरळ होत्या. नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, दुकानातला यूएसबी कीबोर्ड आणि मॉनिटर जोडला, बटन दाबलं.

आकडे भराभर पळाले आणि एए वर थांबले. विंडोज उघडलं.

पोऱ्या म्हणाला, ‘पेस्टच होती दादा.’ मीही मान डोलावली. दोन तास चालवून पाहिलं, दहा वेळा बंद-चालू केलं. दहाही वेळा चाललं.

या ठिकाणी मी थांबायला हवं होतं. सुकलेल्या पेस्टने मशीन तापतं, हळू होतं, मध्येच बंद पडतं. रात्रभर गार पडलेलं मशीन बटन दाबल्यावर पाच-सहा सेकंदांत एकाच आकड्यावर दर वेळी गोठतं ते पेस्टमुळे नव्हे. कारण आणि परिणाम यांचा मेळ बसत नव्हता. पण मशीन चालू झालं की आपल्या हातून शेवटचं जे झालं तेच औषध वाटतं. आठशे रुपये घेतले आणि दुपारी चार वाजता मशीन परत पाठवलं. पाचशे देऊन अडवलेला प्रोसेसर आता घ्यावा लागणार नाही म्हणून जरा खूशही होतो.

पाच वाजता फोन. ‘दादा, परत तसंच.’

पुन्हा तेच

आता माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. लॅमिंग्टनला चालतं, गिरगावात चालत नाही. सरळ डोक्याच्या माणसाने इथे ‘दोन जागांत फरक काय?’ असं विचारलं असतं. मी विचारलं, ‘टॅक्सीत आदळलं का?’ सॉकेटमधला एखादा संपर्क ढिला असेल, हलवल्याने सुटला असेल, अशी माझी कल्पना. सहासष्टने मनात सीपीयू इतका घट्ट बसवला होता की नवी माहितीही त्याच साच्यात ओतली जात होती. साडेचार हजाराचा प्रोसेसर घेऊन उद्या बदलून टाकतो, असं मी त्यांना जवळजवळ सांगितलंच होतं.

अडवलं ते काकांनी. त्यांनी फोन घेतला. ‘अरे, तू एकदा इथे येऊन बघ ना. तुझ्याकडे गेलं की ते शहाण्यासारखं वागतं. पोरं नाही का, मास्तरांपुढे गुणी आणि घरी द्वाड.’

दुसऱ्याच्या दारात जाऊन तपासायला मला आवडत नाही. हत्यारं अपुरी, उजेड अपुरा, वर चहाचा आग्रह. पण शनिवार जवळ येत होता.

जागेवरची तपासणी

गुरुवारी सकाळी गेलो. टेबलाखाली पालथा पडून टॉर्च मारला आणि बटन दाबायला सांगितलं. आकडे पळाले आणि थांबले.

नव्व्याण्णव.

पहिल्यांदा वाटलं बिघाड बदलला. मग मोबाइल काढून मंगळवारचा फोटो पाहिला. सहासष्ट. फोन उलटा धरला. नव्व्याण्णव. वहिनींनी फोटो टेबलाच्या वरच्या बाजूने, हात खाली लोंबता सोडून काढला होता, आणि फोटोत संदर्भाला दुसरं काही नव्हतं. सात दांड्यांच्या इंग्रजी आकड्यांत सहा उलटा केला की अस्सल नऊ होतो. आकडे जरा तिरके असतात, पण अर्ध वर्तुळ फिरवल्यावर तो तिरकेपणाही तसाच राहतो, त्यामुळे त्यावरूनही कळत नाही. आपल्याकडे तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, त्यावरून छत्तीसचा आकडा. इंग्रजीत सहा आणि नऊ डोक्यावर उभे राहून फसवतात.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा एक पुरावा सापडलाही. या खिडकीत प्रत्येक आकड्याच्या उजव्या पायाशी एक न पेटणारा ठिपका आहे. फोटोत तो डाव्या डोक्याशी पुसटसा दिसत होता. मंगळवारपासून तो माझ्या मोबाइलमध्ये होता.

दुसरी गोष्ट मॉनिटरची. ‘डिस्प्ले येत नाही’ हे मी सगळ्यांसारखंच ऐकलं होतं. समोर बसल्यावर दिसलं की मॉनिटरचा दिवा निळा होता. ‘नो सिग्नल’ असं काही येत नव्हतं, पडदा नुसता काळा उजळलेला होता. म्हणजे सिग्नल पोचत होता, म्हणजे ९७ हा टप्पा मशीनने पार केलेला होता. सहासष्टवर अडकलेलं मशीन इथवर येऊच शकत नाही. फोनवर ‘काळा म्हणजे कसा काळा?’ एवढं विचारलं असतं तर फोटो उलटा असल्याचं मंगळवारीच कळलं असतं.

आता रूळ सापडला होता. अठ्ठ्याण्णव पार, नव्व्याण्णव हाती घेतलं आणि तिथेच. सुपर आयओ ही बोर्डावरची एक हमाली चिप. पंख्यांचे फेरे मोजणं, जुने सिरियल पोर्ट आणि गोल पिनेचा कीबोर्ड-माउस हे सगळं तिच्या गळ्यात असतं.

भाचा तोवर फोनवर आला होता. त्याचं म्हणणं, डोंगल काढून बघा. त्याचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, यूएसबीला लावलेल्या वस्तूंनी मशीन अडकतं हे मीही पुष्कळदा पाहिलंय. पण यूएसबीची पाळी ९ए ला येते आणि आपली गाडी त्याच्या अलीकडेच उभी. तरी डोंगल काढून पाहिलं, कारण काढायला दोन सेकंद लागतात आणि यादीतला क्रम काही दगडावरची रेघ नसतो. मशीन पुन्हा नव्व्याण्णववर.

मग वीज बंद करून तो जांभळ्या पिनेचा कीबोर्ड काढला. चालू केलं. नव्व्याण्णव चमकून गेलं, ९ए, मग ए-घरातले आकडे, एए. काका ‘अरेच्चा’ म्हणाले. मी मात्र बुधवारी एकदा फसलो होतो. बंद केलं, कीबोर्ड परत लावला, नव्व्याण्णव. काढला, चाललं. लावला, अडकलं. असं तीनदा केलं, प्रत्येक वेळी वीज बंद करून, कारण पीएस-टू चालू मशीनमध्ये काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही.

दोष कीबोर्डात की बोर्डाच्या भोकात हे अजून ठरायचं होतं. पोऱ्याला फोन करून दुकानातला जुना पीएस-टू कीबोर्ड मागवला. तो लावल्यावर मशीन सुरळीत चाललं. भोक ठीक होतं.

मल्टिमीटर काकांच्या प्लगला लावला. या प्लगच्या सहा पिनांपैकी चारच कामाच्या: पाच व्होल्ट, जमीन (ग्राउंड), डेटा आणि क्लॉक. डेटा आणि क्लॉक या दोन तारा अशा रचलेल्या असतात की कीबोर्ड किंवा बोर्ड, दोघांपैकी कोणीही त्यांना खाली खेचू शकतं. सोडली की तार आपोआप वर येते. पण कोणी खेचून धरून ठेवली तर ती खालीच राहते आणि दुसऱ्याला बोलताच येत नाही. काकांच्या प्लगमध्ये क्लॉक आणि जमीन यांच्यामध्ये तीन ओहम. म्हणजे दोन तारा आत कुठेतरी चिकटलेल्या. फर्मवेअर क्लॉकची तार वर येण्याची वाट बघत होतं आणि ती येत नव्हती.

वायर बोटांतून सरकवत गेलो. टेबलाच्या लोखंडी पायाजवळ, भिंतीच्या बाजूला, वायर चपटी झालेली. खंडेनवमीला टेबल सरकवून परत ठेवताना पाय तिच्यावर आला होता. तो भाग बोटाने जरा वाकवला की मीटरचा आकडा उडायचा, सोडला की पुन्हा तीन.

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, ‘पूजेचं पाणी नव्हे ना? झालं तर.’

निष्पत्ती

गुरुवारी दुपारी बारा वाजता काम सुरू झालं. काकांना दोन दिवस दुकानातला कीबोर्ड दिला. रेमिंग्टन लेआउट सॉफ्टवेअरमध्ये असतो, किल्ल्यांवर नाही, त्यामुळे टायपिंगला अडचण नव्हती. तक्रार एकच, ‘याच्या किल्ल्या दाबल्याचं कळत नाही.’ दोन्ही फॉर्म शनिवारऐवजी रविवारी सकाळी छापखान्यात गेले. छापखाना थांबला, कारण आणखी एका अंकाचे फॉर्म त्याहून उशिरा येणार होते. आमचं नशीब म्हणायचं, नियोजन नव्हे.

आठशे रुपये मी परत दिले. काका घेत नव्हते, म्हणाले पेस्ट तर सुकलेली होतीच ना. चारशेवर तडजोड झाली. प्रोसेसरवाल्याने पाचशे परत दिले नाहीत, माझ्या खात्यात जमा ठेवलेत.

कीबोर्डाची चपटी झालेली वायर कापली, पलीकडचा चांगला भाग आतल्या बोर्डापासून पुन्हा डाग देऊन जोडला, वर नळी चढवली. वायर वीतभर आखूड झाली. भाऊबीजेच्या आधी कीबोर्ड काकांकडे पोचला.

आता वेगळं काय करतो

फोटोचा नियम बदलला. आकड्यांचा फोटो मागताना मी आता दोन मागतो: एक जवळून आणि एक हातभर लांबून, ज्यात बोर्डावर छापलेली अक्षरं दिसतात. त्याहून बरं म्हणजे बटन दाबल्यापासूनचा व्हिडिओ. त्यात आकडे कोणत्या क्रमाने आले ते दिसतं, आणि चढते आकडे उलटे वाचले तर लगेच विचित्र वाटतात. ‘बी’ आणि सहा यांच्यातही या खिडकीत वरच्या एका दांडीचाच फरक असतो, तोही व्हिडिओत सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने याच कारणाने बी४ चं ६४ केलं होतं, हे मला या प्रकरणानंतर त्याने सांगितलं. आधी लाजला असावा.

पण फोटो उलटा नसता, खरंच सहासष्ट असतं, तरी माझा निर्णय चुकलाच असता. सहासष्टपर्यंत यायला प्रोसेसरने रॅम उभी केलेली असते, हजारो सूचना पाळलेल्या असतात. मेलेला प्रोसेसर तिथवर चालत येत नाही. यादीत आकड्यापुढे ‘सीपीयू’ हा शब्द दिसला आणि मी तो दोषाचा पत्ता मानला. साडेचार हजाराची वस्तू अडवायच्या आधी एवढा विचार फुकटात करता आला असता.

‘नुसता डबा आणा’ हे मात्र मी सोडलेलं नाही. सगळ्यांकडून वायरी मागवल्या तर पोटमाळ्यावर पाय ठेवायला जागा राहणार नाही. त्याऐवजी दुकानात मशीन सुरळीत चाललं तर मी त्याला ‘झालं’ म्हणत नाही, ‘इथे चाललं’ असं लिहून ठेवतो आणि घरी काय काय जोडलेलं असतं त्याची यादी फोनवर घेतो. आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील, म्हणजे पेस्टही बदलली आणि कीबोर्डही, तर कशामुळे चाललं हे ठरवायला एक गोष्ट परत जुनी करून बघतो. पोऱ्याला ते वेळखाऊ वाटतं. त्याचं बरोबर आहे, तीनातल्या दोन वेळा त्यातून काही निघत नाही.

एक प्रश्न मात्र शिल्लक राहिला. कीबोर्ड उत्तर देत नाही म्हणून फर्मवेअरने जन्मभर का थांबावं? चार सेकंद वाट बघून पुढे जायला काय हरकत होती? म्हणून कापलेला तो चपटा तुकडा मी दुसऱ्या एका जुन्या प्लगला जोडून ठेवून दिला आहे. गोल भोकाचा बोर्ड टेबलावर आला की काम झाल्यावर तो लावून बघतो. आतापर्यंत तीन बोर्डांवर लावला. दोन थोडे घुटमळले आणि पुढे गेले. तिसरा फार जुना होता. त्याने पडद्यावर लिहिलं की कीबोर्ड सापडत नाही, आणि पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन बटन दाबायला सांगितलं.